राखणीच्या कुत्र्यासाठी गोचीड, पिसवा व हृदयातील जंतांवरील औषधाची निवड



मळ्यातील वस्ती असो, गावातला गोठा असो किंवा उसाचा फड असो, कुत्र्याशिवाय राखण पुरी होत नाही. कराड-मलकापूर परिसरात आगाशिवाच्या डोंगराकडून बिबट्याचा वावर असतो. रात्री मोटार चालू करायला निघाल्यावर कुत्रा पुढे असला की मनाला धीर येतो. असे असूनही गाई-म्हशींच्या औषधपाण्याबाबत आपण जितके जागरूक असतो, तितके कुत्र्याबाबत राहत नाही. त्याच्या कानात व बोटांच्या बेचक्यांत गोचिडांचे घोस दिसू लागले की मग घाई होते आणि हाताशी असेल ते औषध त्याच्या अंगावर ओतले जाते.

मी शस्यविज्ञानाचा अध्यापक आहे, पशुवैद्यक नव्हे. तरीही हा विषय घेण्याचे कारण असे, की उसातील हुमणीच्या नियंत्रणावर बोलून झाले की एक प्रश्न हमखास येतो : "सर, हुमणीच्या औषधात फिप्रोनिल आहे आणि कुत्र्याच्या औषधातही फिप्रोनिलच आहे. मग उरलेले कुत्र्याला मारले तर काय बिघडते?" प्रश्न रास्त आहे, परंतु त्याचे उत्तर "मुळीच मारू नये" असे आहे. ते का, आणि मग कोणते औषध कसे निवडावे, हे या लेखात पाहू.

प्रथम स्वतःचीच चूक सांगतो. मी पदवीच्या वर्गात शिकत असताना आमच्या मळ्यातील मोत्याला खूप गोचीड झाले होते. गोठ्यासाठी आणलेले जनावरांचे गोचीडनाशक मी बादलीत अंदाजानेच ओतले आणि त्याला त्यात न्हाऊ घातले. अंग ओले असतानाच तो ते चाटू लागला. तासाभरात तोंडाला लाळ, पाय लटपटणे आणि नंतर तो उठेचना. पशुवैद्यकीय डॉक्टरांनी दोन दिवस सलाईन लावून त्याला वाचविले. परंतु पंधरा दिवसांत गोचीड पुन्हा होते तितकेच झाले, कारण ते गोठ्याच्या भिंतीत होते आणि भिंतीकडे आम्ही पाहिलेच नव्हते. त्याच पावसाळ्यात मोत्याच्या नाकातून रक्त येऊ लागले आणि तो गेला. तो गोचीड-ताप होता हे आम्हाला नंतर कळले. औषध मोजले नाही व जागा सोडून दिली, या त्या दोन चुका. आजही बहुतेक ठिकाणी याच दोन चुका होताना दिसतात.

शत्रूची ओळख

कीड ओळखल्याशिवाय फवारणी करू नये, हा पिकाचा नियम येथेही लागू आहे.

१) गोचीड : कुत्र्यावर प्रामुख्याने तपकिरी गोचीड आढळतो. त्याचे शास्त्रीय नाव ऱ्हिपिसेफॅलस सँग्विनियस. गाई-म्हशींवर नेहमी दिसणारा बूफिलस गोचीड आणि हा कुत्र्याचा गोचीड यांच्या राहणीत मोठा फरक आहे. बूफिलस हा लहानपणापासून रक्त पिऊन टम्म फुगेपर्यंत एकाच जनावराच्या अंगावर सुमारे तीन आठवडे राहतो. त्यामुळे जनावरावर औषध मारले की बराचसा बंदोबस्त होतो. कुत्र्याच्या गोचिडाचे तसे नाही. अंड्यातून निघालेले सहा पायांचे बारीक पिल्लू कुत्र्यावर चढून काही दिवस रक्त पिते व खाली पडते. कात टाकून त्याला आठ पाय होतात, ते पुन्हा चढते, पुन्हा पडते. तिसऱ्यांदा पूर्ण वाढलेला गोचीड चढतो आणि मादी रक्त पिऊन खाली पडते. म्हणजे आयुष्यात तीन वेळा चढणे आणि तीन वेळा उतरणे. उतरलेली मादी भिंतीच्या फटीत, दगडांच्या सांध्यात किंवा आढ्याजवळ चढून एका वेळी हजारांनी अंडी घालते. पूर्ण वाढलेला गोचीड काही न खाता कित्येक महिने तग धरू शकतो.

यावरून दोन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. एक म्हणजे कुत्र्याच्या अंगावर दिसणारे गोचीड हे एकूण संख्येचा लहानसा भाग आहेत, बाकीचे जागेत आहेत. दुसरी म्हणजे "उसात फिरतो म्हणून गोचीड लागतात" हा समज बहुतांशी चुकीचा आहे. हा गोचीड माणसांच्या वस्तीजवळ, कुत्रा जेथे रोज झोपतो तेथेच वाढतो.

२) पिसवा : पिसू अंगावर राहून रक्त पिते, परंतु तिची अंडी केसांवरून घरंगळून खाली पडतात. एक मादी दिवसाला ४० ते ५० अंडी घालू शकते. अंडी, अळी आणि कोष या तिन्ही अवस्था गोणपाटात, धुळीत आणि जमिनीच्या भेगांत असतात. एकूण पिसवांपैकी साधारण ९५ टक्के या रूपात खाली असतात असे मानले जाते. कोषातील पिसू महिनोन्महिने थांबते आणि पावलांचा हादरा किंवा अंगाची ऊब जाणवताच बाहेर येते. बंद ठेवलेले खोपट उघडताच पायांवर पिसवा उडतात त्या यामुळेच. पिसू चावताना कुत्रा दातांनी अंग खाजवतो, त्या वेळी ती गिळली गेल्यास त्याच्या पोटात चपटे जंत होतात. शेपटीखाली किंवा झोपायच्या जागी तांदळाच्या दाण्यासारखे पांढरे तुकडे दिसले तर ते याच जंतांचे समजावेत. लहान पिल्लांना पिसवांमुळे इतका रक्तक्षय होतो की त्यात पिल्लू दगावू शकते.

३) हृदयातील जंत : हे डासांमार्फत पसरतात. बाधित कुत्र्याचे रक्त पिताना जंतांची सूक्ष्म पिल्ले डासात जातात, तेथे वाढतात आणि तोच डास दुसऱ्या कुत्र्याला चावला की त्याच्या शरीरात शिरतात. सहा-सात महिन्यांनी हृदयाच्या उजव्या बाजूस आणि फुफ्फुसाकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्यांत पूर्ण वाढलेले जंत होतात. मादीची लांबी ३० सें.मी. पर्यंत भरते. खोकला, धाप, लवकर थकणे, पोट फुगणे ही लक्षणे उशिरा दिसतात.

आपल्या देशात या जंतांच्या नोंदी प्रामुख्याने ईशान्येकडील राज्यांतून झाल्या आहेत. मात्र कुत्र्याच्या रक्तात दिसणारी सर्वच सूक्ष्म पिल्ले हृदयातील जंतांची नसतात. त्वचेखाली राहणारे, तसेच पिसवांमार्फत पसरणारे तुलनेने निरुपद्रवी असे याच कुळातील दुसरे जंतही भारतात आढळतात. म्हणून "रक्तात जंत निघाले" एवढ्यावर घाबरून औषध सुरू करू नये. ते कोणते जंत आहेत याची खात्री पशुवैद्यकाकडून करून घ्यावी.

आधी काय, नंतर काय?

वाचायला मिळते ती बरीचशी माहिती परदेशातील परिस्थितीवर आधारलेली असते. अमेरिकेत हृदयातील जंत हा मोठा प्रश्न असल्याने तेथे त्यावरील मासिक औषधाला पहिला क्रमांक मिळतो. आपल्या कृष्णा-कोयना खोऱ्यात प्राधान्य वेगळे असावे :

पहिला क्रमांक गोचिडांचा, कारण त्यांच्यापासून होणारे एर्लिकिया व बॅबेसिया हे ताप कुत्र्याचा जीव घेतात.

दुसरा क्रमांक पिसवांचा, त्यातही पिल्ले असतील तर तातडीचा.

तिसरा क्रमांक हृदयातील जंतांचा. आपल्याकडे जन्मलेल्या व वाढलेल्या कुत्र्याबाबत पशुवैद्यकाने सुचविल्यासच हे औषध द्यावे. परंतु सातारा जिल्ह्यातील अनेक घरांतील माणसे सैन्यात आहेत. आसाम, मिझोराम अशा भागांतील नेमणुकीवरून कोणी कुत्रा बरोबर आणला असेल तर त्याची रक्त तपासणी अवश्य करावी. तपासणी न करता जंत असलेल्या कुत्र्याला औषध दिल्यास रक्तातील पिल्ले एकदम मरून कुत्र्याला धक्का बसू शकतो.

गोचीड-तापाची लक्षणे

खालीलपैकी काहीही दिसल्यास वाट न पाहता पशुवैद्यकाकडे जावे : अंग तापणे, खाणे सोडणे, सुस्ती, हिरड्या पांढरट किंवा पिवळसर होणे, नाकातून रक्त येणे, पोटाच्या कातडीवर लाल ठिपके, गडद तांबूस लघवी. अल्जीरियात १९३५ साली प्रथम नोंद झालेल्या एर्लिकिया रोगाने व्हिएतनाम युद्धात अमेरिकी सैन्याचे शेकडो प्रशिक्षित कुत्रे मेले. मग आपल्या राखणीच्या कुत्र्याची काय कथा? वेळेवर निदान झाले तर उपचार उपलब्ध आहेत, परंतु ते काही आठवडे नेटाने पूर्ण करावे लागतात. ताप उतरला म्हणून गोळ्या मध्येच बंद करू नयेत.

पिकाचे व जनावरांचे औषध कुत्र्याला का नको?

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे वळू. हुमणीसाठी मिळणाऱ्या एका मिश्र दाणेदार औषधात ४० टक्के फिप्रोनिल व ४० टक्के इमिडाक्लोप्रिड असते. १०० ग्रॅमच्या पुड्यात ४० ग्रॅम फिप्रोनिल झाले. कुत्र्याच्या मानेवर टाकायच्या औषधात १० ते २० किलो वजनाच्या कुत्र्यासाठी १.३४ मि.लि. ची कुपी येते आणि तिच्यात सुमारे १३४ मि.ग्रॅ. फिप्रोनिल असते. म्हणजे हुमणीच्या एका पुड्यात जवळजवळ ३०० कुत्र्यांना पुरेल इतके फिप्रोनिल आहे, शिवाय तेवढेच दुसरे कीटकनाशक वेगळे. ते घरच्या चमच्याने मोजता येत नाही. दुसरी गोष्ट म्हणजे कुत्र्याच्या औषधातील द्रावक त्याच्या कातडीला मानवतील असे निवडलेले असतात. पिकाच्या प्रवाही औषधात वापरलेले द्रावक कातडी भाजतात आणि विष लवकर आत शोषले जाते. पीक औषध चाटत नाही, कुत्रा मात्र चाटतो.

जनावरांच्या इंजेक्शनचेही तसेच आहे. आयव्हरमेक्टिन हे औषध जपानमधील मातीत सापडलेल्या सूक्ष्मजीवापासून तयार झाले. १९८१ पासून ते जनावरांसाठी वापरात आले व त्याच्या शोधाबद्दल ओमुरा आणि कॅम्पबेल यांना २०१५ चे नोबेल पारितोषिक मिळाले. औषध उत्तम आहे यात शंका नाही. प्रश्न आहे तो मात्रेचा. जनावरांच्या १ टक्का इंजेक्शनमध्ये दर मि.लि. ला १०,००० मायक्रोग्रॅम औषध असते. हृदयातील जंतांच्या प्रतिबंधासाठी कुत्र्याला महिन्यातून एकदा दर किलो वजनास अवघे ६ मायक्रोग्रॅम लागते. २० किलोच्या कुत्र्याला १२० मायक्रोग्रॅम, म्हणजे ०.०१२ मि.लि. सिरिंजवर एवढी खूणच नसते. त्यातही कोली, शेटलँड शीपडॉग, ऑस्ट्रेलियन शेफर्ड आणि काही जर्मन शेफर्ड कुत्र्यांत एक आनुवंशिक दोष असतो, त्यामुळे जादा मात्रेतील हे औषध मेंदूत शिरते. अशा कुत्र्याला अंदाजाने इंजेक्शन टोचणे म्हणजे त्याच्या जिवाशी खेळणे होय.

जुन्या माणसांना बीएचसीची पावडर आठवत असेल. ती गोठ्यात, धान्यात आणि कुत्र्याच्या अंगावरही चोळली जाई. तिच्यावर देशात १९९७ मध्ये बंदी आली. डायक्लोरव्हॉस व फोरेट यांवरही ३१ डिसेंबर २०२० पासून बंदी आहे. माळ्यावर पडलेल्या जुन्या बाटल्या-डबे या कामासाठी कदापि काढू नयेत.

घरगुती उपायांबाबतही सावध असावे. रॉकेल व गाडीचे जळके ऑईल कातडी जाळते आणि चाटल्यास पोटात जाते. तंबाखूच्या पाण्यातील निकोटिन हे तीव्र विष आहे. डांबरगोळी गळ्यात बांधू नये. कडुनिंब-करंजाचे तेल सौम्य प्रमाणात थोडीफार कीड दूर ठेवत असेल, परंतु वाढलेल्या प्रादुर्भावात त्यावर विसंबू नये.

बाजारातील औषधांचे प्रकार

१) शाम्पू, साबण व पावडर : स्वस्त, वापरायला सोपे. अंगावर त्या दिवशी असलेली कीड मरते, पण परिणाम थोडेच दिवस टिकतो. सुरुवातीची स्वच्छता म्हणून उपयोगी, एकटे पुरेसे नाही.

२) पाण्यात मिसळून लावायचे औषध : अमिट्रॅझ हे यातील प्रमुख. एकापेक्षा जास्त कुत्री असल्यास परवडते. कुत्र्यासाठीच्या लेबलवर लिहिलेले प्रमाण मोजूनच पाण्यात मिसळावे. अंग वाळेपर्यंत कुत्र्याला चाटू देऊ नये व उन्हात बांधू नये. लहान पिल्ले, आजारी व मधुमेही कुत्रे आणि मांजर यांना लावू नये. घोड्यालाही हे औषध घातक आहे.

३) मानेवर टाकायचे थेंब : फिप्रोनिलचे थेंब दोन खांद्यांच्या मध्ये, केस बाजूला सारून थेट कातडीवर टाकावेत, म्हणजे कुत्र्याची जीभ तेथे पोचत नाही. औषध कातडीतील तेलकट थरातून अंगभर पसरते, म्हणून आधी व नंतर दोन दिवस आंघोळ घालू नये. गोचिडांवर साधारण एक महिना परिणाम राहतो. रोज कालव्यात डुंबणाऱ्या कुत्र्यात तो कमी होतो. हे औषध सशांना घातक आहे. घरात ससे पाळले असतील तर वापरू नये.

४) औषधी पट्टा : उत्पादनानुसार काही महिने चालतो, चांगल्या पट्ट्याचा परिणाम आठ महिन्यांपर्यंत सांगितला जातो. पट्टा व मान यांच्यामध्ये दोन बोटे जातील इतका सैल ठेवावा. ज्या घरात लहान मुले कुत्र्याच्या गळ्यात पडतात किंवा दोन कुत्री एकमेकांचे पट्टे चावतात तेथे टाळावा. काही पट्ट्यांतील व थेंबांतील परमेथ्रिन मांजराला अत्यंत विषारी असते, तेव्हा मांजर असलेल्या घरी घटक वाचूनच घ्यावा.

५) तोंडाने द्यायची गोळी : अफोक्सोलानेर, फ्लुरालानेर, सारोलानेर ही नव्या गटातील औषधे २०१३ नंतर जगभर वापरात आली. प्रकारानुसार महिनाभर किंवा सुमारे तीन महिने परिणाम राहतो. पाण्यात भिजून धुऊन जाण्याचा प्रश्न नाही, मुलांच्या हाताला औषध लागत नाही. मात्र गोचीड चावून रक्त प्याल्यावरच मरतो. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने सप्टेंबर २०१८ मध्ये या गटामुळे काही कुत्र्यांना थरथर व झटके येऊ शकतात असा इशारा दिला आहे. ज्या कुत्र्याला पूर्वी फेफरे आले असेल त्याच्याबाबत डॉक्टरांना तसे आधी सांगावे. मोठ्या कुत्र्याची गोळी तोडून दोन लहान कुत्र्यांना देऊ नये. औषध गोळीत सर्वत्र सारखे पसरलेले असेलच असे नाही.

या पाचही प्रकारांतील बहुतेक औषधे फक्त गोचीड-पिसवांसाठी आहेत. हृदयातील जंतांसाठी वेगळे किंवा मिश्र औषध लागते, हे लेबलवर पाहावे.

निवड कशी करावी?

दुकानात जाण्यापूर्वी पुढील प्रश्नांची उत्तरे कागदावर लिहून घ्यावीत.

वजन किती? हा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न. कुत्र्याला उचलून काट्यावर उभे राहावे, नंतर एकट्याचे वजन करून वजा करावे. धान्याच्या दुकानातील काटाही चालतो. गावठी कुत्रा डोळ्यांना २५ किलोचा वाटतो आणि १६ किलोचा भरतो.

वय किती? आठ आठवड्यांखालील पिल्लांना बहुतेक थेंब व गोळ्या चालत नाहीत. त्यांच्यासाठी बारीक दातांची फणी, हाताने वेचणे आणि आईवर उपचार हाच मार्ग. पिल्लांना चालणारा फिप्रोनिलचा फवारा मिळतो, तो पशुवैद्यकाच्या सल्ल्यानेच वापरावा.

गाभण, दूध पाजणारी किंवा आजारी आहे का? असल्यास औषधाची निवड डॉक्टरांवर सोडावी.

पाण्यात किती जातो? किती वेळा आंघोळ घालता? घरात मांजर, ससा, लहान मुले आहेत का? एकूण कुत्री किती?

दोन-तीन उदाहरणे घेऊ. मळ्यावर मोकळा फिरणारा, पाटात बसणारा १८ किलोचा गावठी कुत्रा असेल तर गोळी सोयीची. ती परवडत नसेल तर मोजून केलेले अमिट्रॅझचे पाणी, पण ठरल्या तारखांना. मलकापुरातील बंगल्यात राहणारा, दर आठवड्याला आंघोळ होणारा व मुलांत खेळणारा जर्मन शेफर्ड असेल तर थेंबांपेक्षा गोळी बरी, कारण वारंवार आंघोळीने थेंब वाया जातात. पाण्यात न जाणारा, एका जागी बांधलेला, मुलांपासून दूर असलेला कुत्रा असेल तर चांगला पट्टा सर्वांत स्वस्त पडू शकतो.

खर्चाचा हिशेब करताना वेष्टनावरील किंमत पाहून दचकू नये. आपण खत पोत्याच्या किमतीवर घेत नाही, अन्नद्रव्याच्या किमतीवर घेतो. ४५ किलोच्या युरियाच्या पोत्यात २०.७ किलो नत्र आहे, हा हिशेब आपल्याला पाठ आहे. तसेच येथे किमतीला परिणामाच्या महिन्यांनी भागावे व दरमहा खर्च काढावा. तीन महिने चालणारी गोळी व दर पंधरा दिवसांनी लागणारा शाम्पू यांची तुलना तेव्हाच खरी होते. त्यात गोचीड-तापाच्या उपचारांचा खर्च धरला तर प्रतिबंध नेहमीच स्वस्त ठरतो.

एकाच गटाचे औषध कमी मात्रेत वारंवार वापरल्यास कीड त्याला दाद देईनाशी होते. हरभऱ्यावरील घाटेअळीचा अनुभव आपल्याला आहेच. जनावरांवरील गोचिडांत सायपरमेथ्रिन, डेल्टामेथ्रिन यांच्याविरुद्ध प्रतिकारशक्ती आल्याचे देशात अनेक ठिकाणी दिसून आले आहे. औषध लागू पडेनासे झाल्यास मात्रा वाढवू नये, गट बदलावा.

जागेचा बंदोबस्त

अर्धे काम येथे आहे. कुत्रा, त्याचे भांडे, जनावरे व वैरण बाजूला करून पुढीलप्रमाणे करावे.

१) कुत्र्याखालचे गोणपाट जाळून टाकावे किंवा उकळत्या पाण्यात बुडवून कडक उन्हात वाळवावे. हे दर आठवड्याला करावे.

२) भिंतीच्या फटी, दगडांचे सांधे, दाराच्या चौकटी सिमेंटने किंवा मातीने लिंपून चुना द्यावा. गोचीड वर चढत असल्याने आढ्यापर्यंत पाहावे.

३) कोपऱ्यातील धूळ, केरकचरा, जुनी वैरण काढून लांब टाकावी.

४) गोठा किंवा घर यांसाठी लेबल असलेलेच कीटकनाशक भेगांत फवारावे. एकदा फवारून भागत नाही. अंडी नंतर फुटतात, म्हणून दोन ते तीन आठवड्यांच्या अंतराने किमान तीन फवारण्या कराव्यात. पूर्ण वाळल्यावरच कुत्र्याला आत घ्यावे.

५) उरलेले द्रावण किंवा कुत्रा धुतलेले पाणी विहीर, ओढा, शेततळे यांत सोडू नये. मासे मरतात.

६) घरातील सर्व कुत्र्यांवर एकाच दिवशी उपचार करावा. एक सोडला तर तोच पुन्हा बियाणे पुरवतो.

हाताने गोचीड काढताना चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढावा. बोटांनी चिरडू नये, आगकाडीचा चटका देऊ नये. काढलेले गोचीड स्पिरिटमध्ये टाकावेत व हात साबणाने धुवावेत.

वर्षाचे वेळापत्रक

फेब्रुवारी-मार्च : ऊन वाढण्यापूर्वी भिंतींची लिंपण व पहिला उपचार. शेतात मेंढरे बसवत असल्यास त्यांच्याबरोबरच्या कुत्र्यांत आपला कुत्रा मिसळतो, हे लक्षात ठेवावे.

एप्रिल ते जून : गोचिडांची वाढ जोरात. औषधाची तारीख चुकवू नये, दर दोन दिवसांनी कान, मान, बोटांच्या बेचक्या तपासाव्यात.

जुलै ते ऑक्टोबर : दमटपणामुळे पिसवा वाढतात. अंथरूण कोरडे ठेवावे. डबकी बुजवून डासांची पैदास कमी करावी.

नोव्हेंबर ते जानेवारी : ऊसतोडीच्या टोळ्यांबरोबर बाहेरची कुत्री व बैल येतात. आपल्याकडे थंडी फार कडक नसल्याने उपचार पूर्णपणे थांबवू नये. याच काळात रेबीजची वार्षिक लस व पोटातील जंतांचे औषध उरकून घ्यावे.

औषध दिल्याची तारीख पीक-नोंदवहीतच लिहून ठेवावी.

विषबाधा झाल्यास

लाळ गळणे, थरथर, झटके, डोळ्यांच्या बाहुल्या बारीक होणे, एकदम सुस्ती अशी लक्षणे दिसताच हातमोजे घालून कुत्र्याला कोमट पाणी व सौम्य साबणाने धुवावे, पुसून ऊब द्यावी व चाटू देऊ नये. दूध, तेल, मीठ-पाणी पाजू नये. बळेच ओकारी काढू नये. औषधाची बाटली किंवा वेष्टन बरोबर घेऊन लगेच पशुवैद्यकीय दवाखाना गाठावा. प्रत्येक विषावरचा उपचार वेगळा असल्याने लेबल पाहून डॉक्टरांचा अमूल्य वेळ वाचतो. निदान अवघड असल्यास सातारा जिल्ह्यातच शिरवळ येथे क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यक महाविद्यालय आहे, तेथे डॉक्टरांच्या चिठ्ठीने जावे.

थोडक्यात

प्रथम गोचीड, मग पिसवा, नंतर गरजेप्रमाणे हृदयातील जंत हा क्रम ठेवावा. कुत्र्याचे वजन करूनच औषध घ्यावे. पिकाचे, गोठ्याचे व माळ्यावरचे औषध त्याच्या अंगाला लावू नये. कुत्र्याइतकेच लक्ष त्याच्या झोपायच्या जागेकडे द्यावे. उसाला पाणी द्यायला रात्री बाहेर पडाल तेव्हा आपला कुत्रा नीट उजेडात घेऊन त्याचे कान तपासा आणि हिरडी दाबून पाहा. हिरडी गुलाबी असेल तर ठीक. पांढरट दिसली तर उद्याची वाट पाहू नका.